पुसायची पेटी

१२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझा दादा जेवण झालं की काडीने दात कोरतो. निघालेलं काडीच्या टोकावर धरून उजेडात बघतो आणि पुन्हा तोंडात टाकतो. चौदा वर्षं मी हे समोर बसून बघत आले. गेल्या मंगळवारी मात्र ताटावरून उठले आणि बेसिनमध्ये सगळं ओकून टाकलं. त्याने बसल्या जागेवरून विचारलं, "काय गं, पित्त का?" मी म्हटलं, "हो."

पित्त नव्हतं. मंगळवारी दुपारी लॅबमध्ये जे झालं ते तुला सांगायचं आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

पत्ता माईंनी दिला. औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून माझ्या मुठीत कोंबला आणि म्हणाल्या, "मी दिला असं सांगू नकोस." कोणाला सांगू नको, तुला की त्यांच्या मुलाला, ते काही बोलल्या नाहीत. आईला पोटच्या लेकीचा पत्ता चोरून द्यावा लागतो, अशी आपल्या घराची कळा झाली आहे.

तर मंगळवारी तुझ्या जुन्या हॉस्पिटलचं पाकीट आलं. दर दोन महिन्यांनी येतं तसंच, हृदयाच्या त्या एक्स-रे खोलीतल्या लोकांचे, अंगावर पडलेले किरण मोजायचे नऊ बॅज. त्यातला एक तुझ्या जागी आलेल्या बाईचा. मी तिला कधी बघितलेलं नाही. बॅजच्या चिमट्याला हाताच्या क्रीमचा वास होता, आणि मागे तिने पेनाने एक फूल काढलं होतं, नवातला आपला चटकन ओळखू यावा म्हणून असेल. मी आतली चकती काढली आणि यंत्रात घातली. आकडा आला बावीस. दोन महिन्यांत बावीस मिलिसिव्हर्ट. डोळ्यांसाठी अख्ख्या वर्षाची मर्यादा वीस आहे, हे तुला मी सांगायला नको.

मी तुझ्या दादाला हाक मारली. तो आला, आकडा बघितला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितला आणि म्हणाला, "आधी वाचलंस कशाला?"

बस्स. ती बाई कोण, तिला कळवायचं का, काही नाही. आधी वाचलंस कशाला!

मग ती चकती पेटीत ठेवली गेली. चाळीस मिनिटांनी काढून पुन्हा वाचली गेली. आकडा आला दोन पूर्णांक एक. तो रजिस्टरमध्ये गेला.

पेटी तुझ्या ओळखीची आहे. टायरच्या दुकानावरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत खिडकीखाली असते ती, पांढऱ्या दिव्यांची. वाचून झालेल्या चकत्या पुन्हा वापरायला पाठवण्याआधी तिच्यात ठेवून पुसायच्या असतात. वाचून झालेल्या.

तुझ्या डोळ्याचं माईंकडून कळलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यातही डाग आहे म्हणे. छत्तिसाव्या वर्षी मोतीबिंदू! तू हॉस्पिटलविरुद्ध तक्रार केलीस तेव्हा चौकशीवाल्यांनी मला बोलावून विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते, "वाचन बरोबर आहे." भिंगरी, ते खोटं नव्हतं. यंत्र बरोबर होतं. जे वाचलं तेच मी लिहिलं होतं. एवढं तू समजून घ्यावंस.

तुझी वहिनी


४ मार्च

भिंगरी,

माझंच पत्र पाकिटातून परत आलं. 'पेटीत ठेवली गेली' या शब्दांखाली लाल रेघ, आणि समासात एकच शब्द, 'कोणी?' तुझ्या टेक्निशियनच्या परीक्षेच्या वेळी मी तुझे सरावाचे पेपर अशाच लाल रेघा मारून परत द्यायचे. शिकलीस बरोबर.

मी. मी ठेवली. माझ्या हाताने, समोरच्या घड्याळात वेळ बघून.

आणि ती पहिली नव्हती. पहिली तुझी होती.

सहा वर्षं झाली. तुला त्या खोलीत लागून वर्ष झालं होतं. तुझ्या चकतीवर चौदा आले. नियमाप्रमाणे तपासणी कार्यालयाला कळवायचं पत्र मी लिहायला घेतलं, तेवढ्यात त्या खोलीच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. दुसऱ्या कोणाचा तरी आकडा विचारायला केला होता, पण तुझ्या दादाने तुझाही सांगून टाकला. फोनवर बोलता बोलता तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पलीकडच्या माणसाला दिसत नाही हे माहीत असून उभा राहिला. पाठीतून वाकलासुद्धा.

बाबांचं हृदय बंद पडलं होतं त्या दिवशी याच डॉक्टरांनी त्यांना परत आणलं आणि पुढे बाबा चांगले जगले, हे खरं आहे. हात मीही जोडले होते. पण तुझ्या दादाचे जोडलेले हात पुन्हा सुटलेच नाहीत.

फोन ठेवून म्हणाला, "पत्र राहू दे. डॉक्टर म्हणतात, असं कळवलं तर खोली बंद होईल. रोज सहा-सात पेशंट घेतात ते तिथे. त्या लोकांनी काय मरायचं?"

"आणि भिंगरी?"

"तिला काय धाड भरली आहे? या पोरी बॅज कुठेही टांगून ठेवतात. यंत्राच्या तोंडाशी राहिला असेल. हा खरा आकडा नाहीच."

"मग खरा कुठला?"

"पेटीतून काढल्यावर येईल तो."

मी हसले. हे तुला सांगितलंच पाहिजे. मला तो विनोद वाटला, मी खळखळून हसले आणि हसत हसतच चकती पेटीत ठेवली.

दुसऱ्या खेपेला हसू आलं नाही, पण हात अडखळलाही नाही. मग त्यानेच रीत घालून दिली. त्या खोलीचं पाकीट आलं की आधी वाचायचंच नाही. सगळ्या नऊ चकत्या सरळ पेटीत, चाळीस मिनिटं, आणि मग यंत्रात. म्हणजे खरा आकडा कोणाला ठाऊकच नाही. कोणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगायला मोकळे. मी तेच सांगितलं. 'जे वाचलं तेच लिहिलं.' मागच्या पत्रात तुलाही तेच ऐकवलं. लिहिताना स्वतःची लाज वाटायला हवी होती, पण मला वाटलं, वाक्य छान जमलंय.

तुला तो रविवार आठवतो का? तू जेवायला आली होतीस. म्हणालीस, छताला टांगलेला शिशाचा पारदर्शक पडदा डॉक्टरांनी काढायला लावला, त्यांच्या कोपराला लागायचा म्हणे, आणि आता तो बाहेर पॅसेजमध्ये फरशी पुसायच्या बादलीमागे उभा करून ठेवलाय. तुझा दादा मान वर न करता म्हणाला, "तुझ्या बॅजवर काही येत नाही. उगाच बाऊ करू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. मी तुला वाढत होते. तू विचारलंस, "हो का वहिनी?"

मी म्हटलं, "अजून घे ना थोडं."

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.


२२ मार्च

भिंगरी,

तुझ्या दोन्ही चकत्या सापडल्या.

प्रत्येकाला दोन असतात, एक गळ्याशी आणि एक लॅबमध्ये, आलटून पालटून. तू नोकरी सोडल्यावर तुझ्या दोन्ही 'बाद' लिहिलेल्या डब्यात पडल्या होत्या. नंबर वाचता येत होते. मी त्या घेऊन दोन आठवडे बसले आहे, आणि आता जे सांगते ते शांतपणे वाच. तुला शिकवलं होतं त्यातलं थोडं पुन्हा सांगावं लागेल.

चकती म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. माणिक आणि नीलम ज्याचे बनतात तेच, फक्त बिनरंगाचं. तो वाढवताना भट्टीत ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून आत ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. निर्दोष स्फटिक आपल्या कामाचा नसतो, त्याला काही लक्षात राहत नाही. किरण पडले की आतले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकातल्या निरनिराळ्या दोषांत, खळग्यात पाय अडकावा तसे, अडकून बसतात. हिरवा उजेड मारला की सुटतात, त्या रिकाम्या जागांत येऊन पडतात आणि पडताना निळा उजेड देतात. जेवढा निळा जास्त, तेवढे किरण जास्त. हे तुला पाठ होतं.

जे मी शिकवलं नव्हतं ते हे. खळगे दोन तऱ्हेचे असतात. उथळ खळगे दिव्यांच्या पेटीत रिकामे होतात. खोल होत नाहीत. त्यांना नऊशे अंशांची भट्टी लागते. आपली भट्टी सात वर्षांपूर्वी जळाली, तुझा दादा 'बघू' म्हणाला आणि नंतर कोणी बघितलंच नाही. म्हणजे मी पुसलं ते फक्त वरवरचं. चार वर्षांत तुझ्या अंगावर जे पडलं, त्यातला खालचा गाळ अजून त्या चकत्यांत होता. अतिनील दिव्याखाली ठेवलं की त्या खोल खळग्यांतले काही वर उथळ खळग्यांत येतात. मग हिरवा उजेड मारून वाचता येतात.

आणि हे मला आता कळलं असं नाही. चौकशीच्या दिवशी मी तिथे बसले होते तेव्हाही ठाऊक होतं. बाहेर तू मला थांबवून विचारलंस, "वहिनी, तू स्वतः वाचलंस ना?" तेव्हाही माझ्या डोक्यात हाच अतिनील दिवा होता. मी "हो" म्हणाले आणि पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या हातातच होत्या.

आता तुझ्या चकत्यांबरोबरच बनलेल्या कोऱ्या चकत्या घेतल्या, त्यांना मोजून किरण दिले, पेटीत पुसल्या, अतिनील दिव्याखाली ठेवल्या, वाचल्या. पंधरा वेळा. मग तुझ्या. दोन्ही मिळून चार वर्षांचे तीनशेऐंशी. साठ इकडे किंवा तिकडे, त्याहून नेमकं कोणालाच सांगता येणार नाही. रजिस्टरमध्ये तुझ्या नावावर चार वर्षांचे एकतीस आहेत.

तीनशेऐंशीच्या कागदावर मी सही करत होते तेव्हा तुझा दादा आत आला. रविवारची सकाळ, लॅब बंद असते म्हणून मी बिनधास्त होते.

"हे कशासाठी?"

"भिंगरीसाठी."

त्याने कागद वाचला. मला वाटलं ओरडेल. तो खुर्ची ओढून बसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "पेटीत कोणाचा हात होता? तुझा. मी एका चकतीला शिवलो नाही कधी."

"माहीत आहे. तेही लिहिलंय त्यात."

"लॅब बंद होईल."

"होऊ दे."

"मी काय तिचा वैरी आहे का? सख्खी बहीण आहे माझी. तिला मी तो चष्मा नाही का दिला, शिशाच्या काचांचा? तिने घातला नाही, त्याला मी काय करू?"

भिंगरी, मी हातातलं पेन खाली ठेवलं. तो चष्मा! तुझ्या वाढदिवसाला दिलेला, जड, नाकावरून घसरायचा, तू तो घालून आपल्याला हसवलं होतंस. मला वाटलं होतं, बिचाऱ्याला बहिणीची काळजी. 'बॅज कुठेतरी टांगला असेल, खरा आकडा नाही' हे सगळं निदान त्याचं त्याला तरी खरं वाटत असेल, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून चष्मा आणला, आणि आणला त्याच आठवड्यात पाकीट माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "ठेव पेटीत."

मी काही बोलायच्या आत तो उठला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "बरं, घरी चल आता. जेवायला वाढ."

आणि मी वाढलं. हेही लिहून ठेवते. त्या दिवशी मी त्याला वाढलं.


१० एप्रिल

भिंगरी,

कागद तपासणी कार्यालयात दिले. पोच घेतली, तिची नक्कल सोबत आहे.

पण त्याआधी त्या बाईकडे गेले, जिच्या बॅजवर फूल होतं. कार्यालय आपल्या चालीने चालेल, आणि ती रोज सकाळी त्या खोलीत उभी राहणार. हॉस्पिटलच्या मागच्या दारापाशी बाकावर बसून डबा खात होती. चाळिशीची, गोल चेहऱ्याची. मी कोण ते सांगितलं. आकडा सांगितला. तिने विचारलं, "मग आधीच्या कागदांवर एक, दीड, असं यायचं ते?"

"ते मी पुसून लिहिलेलं."

"तुम्ही?"

"मी."

तिने डबा बंद केला. गळ्याशी लावलेला नवा बॅज दोन बोटांनी, मेलेली पाल उचलावी तसा काढला आणि बाकावर माझ्या बाजूला ठेवला. माझ्या हातात दिला नाही. मग रुमालाने बोटं पुसली. "मला दोन मुलं आहेत," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुढचं मला नंतर कळलं. ती थेट मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पडदा टांगा, नाहीतर मी आत येत नाही. त्यांनी नेहमीचं ऐकवलं, टेबलावर पेशंट आहे वगैरे. ती म्हणाली, "मग त्याला सांगा की पडदा बादलीमागे आहे म्हणून उशीर होतोय." दुपारपर्यंत बाकीचे आठही बाहेर येऊन उभे राहिले. संध्याकाळी पडदा लागला. दोन तासांचं काम होतं. तू तीन वर्षं सांगत होतीस ते दोन तासांचं काम!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले. आपले जिने चढून आले, ही त्यांची पहिलीच वेळ. तुझ्या दादाने खुर्ची पुसली. खरंच, बाहीने पुसली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांसाठी मी काय केलं होतं, विसरलात वाटतं."

"नाही विसरले. तुम्ही त्यांना वाचवलंत, आणि त्यांच्या मुलीला पडद्याशिवाय उभं केलंत."

"मी स्वतः तिथे रोज उभा असतो, बाई."

ते खरं होतं. पण त्यांच्या डोळ्यांवर शिशाचा चष्मा असतो, बेतून करून घेतलेला, हे मला ते जिना उतरून गेल्यावर आठवलं. तुझ्या दादाला ते डॉक्टर बोलत असतानाही आठवत असणार. तो खाली गाडीपर्यंत पोचवायला गेला होता.

माईंना मी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "त्याला ठाऊक होतं?"

"हो."

"तो चष्मा दिला तेव्हा?"

"हो माई."

त्या उठल्या. भरलेलं ताट त्याच्यापुढून उचललं आणि बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली नेऊन ठेवलं. म्हणाल्या, "यापुढे तू तिथे जेव. माझ्यासमोर नको." तो आधी हसला. मग गेला. त्या दिवसापासून तो ओल्या कपड्यांखाली बसून जेवतो, आणि काडी तिथेही सोडलेली नाही.


१९ जून

भिंगरी,

सुनावणीला तू आली होतीस. तिसऱ्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून. उजेड सोसत नाही हे मला लगेच कळलं. वाळली आहेस.

निकालाची प्रत तुला मिळाली असेल, तरी लिहिते, कारण त्यातली भाषा अशी आहे की वाचणाऱ्याला काही झालंच नाही असं वाटावं. लॅबचा परवाना रद्द. तुझ्या दादाला आणि मला हे काम पुन्हा कधी करता येणार नाही. तुझा डोळा कामामुळे गेला हे मान्य, तुझा आकडा दुरुस्त. बाकी आठ जणांच्या जुन्या चकत्या दुसरी लॅब तपासणार. आणि मोठ्या डॉक्टरांना ताकीद. ताकीद, भिंगरी! शाळेत केस वाढले म्हणून मुलांना देतात तशी. ते अजूनही रोज सहा-सात पेशंट घेतात, लोक अजूनही त्यांच्या पाया पडतात, आणि ते पेशंट खरोखर बरे होऊन घरी जातात. हे मला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

मला प्रश्न आला, "तुमच्यावर कोणी दबाव आणला का?" माझ्या वकिलाने आठवडाभर घोकून घेतलं होतं, 'पतीच्या धाकाखाली केलं' असं म्हणायचं. तो म्हणाला होता, बायकांचं यात लगेच पटतं. तुझा दादा समोर मान खाली घालून बसला होता. मी तसं म्हणेन ही त्याची खात्री होती, आणि मला वाटतं त्याची हरकतही नव्हती. मी तोंड उघडलं आणि तू दिसलीस. "नाही," म्हटलं. "त्याने सांगितलं, मी केलं. धाक नव्हता. तो सांगायचा आणि मला ते सोपं जायचं."

यात काही थोरपणा नव्हता. तू बघत होतीस म्हणून बोलले. तू आली नसतीस तर कदाचित धाकच सांगितला असता.

बाहेर जिन्यात मी तुझ्याजवळ आले. तू कोपर आत ओढून घेतलंस, भिंतीला घासत पुढे गेलीस. बरोबर केलंस.

मी वेगळी राहते आता. एक खोली आहे, एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम मिळालं आहे. दुपारी एकटी जेवते. समोर कोणी दात कोरत नाही. तरी घास कधी कधी तोंडात फिरतो. तेव्हा कळतं, उलटी नुसती त्याची नव्हती येत.

माई त्याच्याकडेच आहेत. विचारलं मी त्यांना. म्हणाल्या, "मी आई आहे त्याची. किळस आली म्हणून सुटका होत नाही."


२ ऑगस्ट

भिंगरी,

हे मी बाकावर बसून लिहिते आहे. तू आत आहेस. फोनवर तू तीन वाक्यं बोललीस: "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. घरचं कोणीतरी बरोबर लागतं, माईंना प्रवास झेपत नाही. तू ये, पण बोलायचं नाही." म्हणून सकाळपासून मी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. तुझी फाईल धरली, रांगेत उभी राहिले, जिथे दाखवलं तिथे सही केली. बोलायला मनाई होती, लिहायला नव्हती. पट्टी सुटली की वाच, किंवा वाचू नकोस.

सकाळी तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. एका डोळ्याने धड, एका डोळ्याने धुकट. मला आत बोलावलं नाहीस. बाहेरच्या पायरीवर चहाचा कप आणून ठेवलास. टॅक्सीत पिशवी आपल्या दोघींच्या मध्ये ठेवलीस. मी सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, हेही कमीच आहे.

मग इथल्या दाराशी त्या सहा पायऱ्या आल्या. तू पहिल्या पायरीपाशी थांबलीस, पाऊल पुढे टाकून चाचपलंस, मागे घेतलंस. मी शेजारी हात मागे बांधून उभी. मागून लोक येत होते. तू पुढे बघतच म्हणालीस, "तुझा हात लागला की मला किळस येते, वहिनी."

मी मान हलवली. तुला ती दिसली नसेल.

"पण पायरी दिसत नाही," तू म्हणालीस. "धर."

मी धरलं. तुझा दंड ताठ होता, लाकडासारखा, आणि सहाच्या सहा पायऱ्या तो तसाच ताठ राहिला. वर आल्यावर तू लगेच सोडवून घेतलास आणि बाहीवरून हात फिरवलास. नर्सला वाटलं तुला थंडी वाजते. तिने शाल आणून दिली.

तासभर झाला. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ डुलक्या घेताहेत, त्यांची बायको आत आहे. मघाशी जागे होऊन विचारत होते, "तुमचं कोण आहे आत?" मी बोटाने ओठांवर खूण केली. त्यांना वाटलं मी मुकी आहे. मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर थोपटलं. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. मला कोणी माया करावी असं मी काही केलेलं नाही, आणि ते त्यांना सांगायचीही सोय नव्हती.

आता तुला उतरताना त्या पायऱ्या पुन्हा लागतील. दोन्ही डोळ्यांवर काय काय असेल कोण जाणे. तू म्हणालीस तर धरीन, नाही म्हणालीस तर एक पायरी खाली उभी राहीन, म्हणजे पडलीस तर माझ्यावर पडशील.

दार उघडलं. नर्स हातात कागद घेऊन बाहेर आली आहे, विचारते आहे, या पेशंटबरोबर कोण आहे. नाव तुझंच घेतलं. आता एक शब्द बोलावाच लागेल, त्याबद्दल रागवू नकोस.